लोकप्रतिनिधीस पत्र



मतदानाच्या दिवशीं बोटाला शाई लागली कीं आपलें नागरिकाचें कर्तव्य पुरें झालें, असें आपण सुशिक्षित मंडळी समजतों. पुढील पांच वर्षें आपण तक्रार करितों. पण ती दिवाणखान्यांत बसून. तीच तक्रार कागदावर उतरवून योग्य माणसाच्या हातीं कशी द्यावी, याविषयीं आज थोडें बोलावें असा माझा विचार आहे. हें शहाणपण मला स्वतःच्या फजितीनें आलेलें आहे.

एका उन्हाळ्यांत आमच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर नळाचें पाणी चढेनासें झालें. तिसऱ्या मजल्यावरील एक वृद्ध बाई खालून बादली भरून नेत आणि मध्येंच जिन्यावर बसून दम घेत. तें पाहून मला राहवेना. मीं आमच्या खासदारांस चार पानी पत्र लिहिलें. त्यांत नोकरशाहीचा समाचार होता, राष्ट्राच्या अधोगतीची मीमांसा होती, दोन संस्कृत सुभाषितेंहि होतीं. उत्तर आलें नाहीं. शेजारच्या एका सेवानिवृत्त हेडक्लार्कांना मीं त्या पत्राची प्रत दाखविली. ती शांतपणें वाचून ते म्हणाले, "मास्तर, यांत आपली विद्वत्ता दिसते, नळ कांहीं दिसत नाहीं."

त्यांनीं माझ्या दोन चुका दाखविल्या. पहिली पत्त्याची. राज्यघटनेच्या १९९२ च्या ७४ व्या दुरुस्तीनें जी बारावी अनुसूची आली, तिच्यांतील १८ विषयांत पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य हे नगरपालिकांचे विषय म्हणून सांगितले आहेत. अशा कामीं प्रथम नगरसेवकाकडे जावें. पोलीस हा राज्याचा विषय, तेथें आमदार. रेल्वे, टपाल, पारपत्र हे केंद्राचे, तेथें खासदार. सभागृहांत प्रश्न निघावा अशी इच्छा असेल तर वेळेचेंहि भान हवें. लोकसभेंत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधीं द्यावी लागते.

दुसरी चूक अशी कीं, चार पानांत मीं कांहींच मागितलें नव्हतें! पत्र एका पानाचें असावें. वर दिनांक, विषयाची एक ओळ. नंतर ठिकाण कोणतें, अडचण केव्हांपासून, पूर्वी कोठें तक्रार केली व तिचा क्रमांक काय, हें लिहावें. शेवटीं एकच स्पष्ट विनंती करावी. खालीं आपलें नांव, पत्ता आणि आपण त्याच प्रभागाचे मतदार आहों हा उल्लेख असावा. प्रत स्वतःजवळ ठेवावी व पोच घ्यावी.

भाषेविषयीं मात्र दोन शब्द अधिक सांगतों. १८७० सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे अनेक अर्ज धाडले. तें सरकार लोकांनीं निवडलेलें नव्हतें. आपण लिहितों तें आपणच निवडलेल्या व्यक्तीस. म्हणून पत्रांत 'मायबाप' म्हणण्याची लाचारी नको. आणि 'पुढच्या वेळीं पाहून घेऊं' ही दटावणीहि नको. 'महोदय' किंवा 'महोदया' एवढ्यानें आदर पुरा होतो.

आमचें दुसरें पत्र बारा ओळींचें झालें. त्यावर इमारतींतील सर्व कुटुंबांनीं सह्या केल्या. त्या वृद्ध बाईंनीं आपली सही सर्वांच्या आधीं केली. आठवड्यानें नगरसेविका पालिकेच्या अभियंत्यास घेऊन आल्या. कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह मागील दुरुस्तीनंतर अर्धाच उघडा राहिला होता. दुसऱ्या दिवशीं पहाटे वरच्या मजल्यावर पाणी आलें.

प्रत्येक पत्राचा शेवट असाच गोड होतो असें मी म्हणणार नाहीं. गल्लींतील दिव्यांविषयीं आम्हीं लिहिलेलें पत्र अजून अनुत्तरित आहे. त्याची पोच माझ्याजवळ आहे, आणि उद्यां मी पहिलें स्मरणपत्र धाडणार आहें.