आडोशाची होडी



वसंतात रानबदकांवर बोलायला उभा राहिलेला वक्ता म्हणजे लग्न लागून गेल्यावर अक्षता घेऊन आलेला पाहुणा. थंडीत भीमेवर उतरलेली बदके मार्चअखेर बहुतेक परत गेलेली असतात. परंतु मला बोलायचे आहे ते बदकांना खुपणार नाही अशा होडीविषयी, आणि ती बांधण्याचा हंगाम मात्र हाच. आमच्या केडगावच्या बाजूला ऊसतोड आटोपलेली असते, फडात पाचट पडलेले असते. ते पेटवून देण्याआधी चार भारे मागितले तर कोणी नाही म्हणत नाही.

माझे मामा शिकारी होते. गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. १९८० साली पुरे झालेले उजनीचे धरण तेव्हा नव्हते. भीमेच्या डोहात बदके उतरत आणि मामा आपल्या जुन्या होडीला लव्हाळे बांधून, ठासणीची बंदूक घेऊन पहाटे निघत. मांसापेक्षा त्यांना लपण्याचाच शौक अधिक. मडक्याची जुनी युक्ती ते रंगवून सांगत. पाण्यावर रिकामी मडकी सोडून द्यायची. चार दिवसांनी बदके त्यांना भीत नाहीशी झाली, की पारधी एक मडके डोक्यावर पालथे घालतो, डोळ्यांपुरती भोके ठेवतो, गळाभर पाण्यातून हळूहळू जातो आणि बदकाचे पाय धरून खाली ओढतो. मामा म्हणत, "माणूस मडक्यानं लपत नाही रे, त्या चार दिवसांनी लपतो."

एका पहाटे त्यांनी बंदूक माझ्या हाती दिली. अंधुक उजेडात मी बार काढला आणि पडला तो चक्रवाक. त्याचा जोडीदार उठला, डोहावर घिरट्या घालू लागला, ओरडू लागला. "अरे, हे खायचं पाखरू नव्हे," एवढेच मामा बोलले. आम्ही परत निघालो तरी तो आवाज मागे येतच होता. मी पुन्हा बंदूक धरली नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. पक्षी तर मेलाच होता.

आमची ती एक गोळी म्हणजे काहीच नव्हे असे म्हणणारे भेटतात. १९३८ च्या नोव्हेंबरात भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले, हे खरे. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची शिकारही संपली. ते योग्यच झाले. मात्र बंदुकीबरोबर मामांची ती लपण्याची विद्याही गेली, आणि तिची गरज आज पूर्वीपेक्षा अधिक आहे.

पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण, कुंभारगाव येथे उजनीच्या फुगवट्याच्या कडेला जाऊन पाहा. मासेमारी करणारे आपल्या होड्यांतून पाहुण्यांना पक्षी दाखवतात. पाहुण्याला उडता थवा टिपायचा असतो, म्हणून होडी थव्यावर घातली जाते. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला कादंब हंस हिमालय ओलांडून येथे येतो. परतीच्या वाटेसाठी त्याला अंगात चरबी साठवायची असते. सकाळी पाच वेळा उठवला, की खाल्लेले उडण्यातच जाते. बार निघत नाही, एवढाच काय तो फरक.

मी बांधली ती होडी अशी. बांबूच्या कामट्यांच्या तट्ट्या करायच्या, त्यांवर किंतान शिवायचे आणि त्यावर पाचट उभे बांधायचे. वरची कड कातरून सारखी करू नये. निसर्गात सरळ रेघ दिसली की बदक बिचकते. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मागचेही त्याला पुष्कळ दिसते. तट्टी होडीच्या काठावर अडीच फुटांहून उंच नको. पहिल्या वर्षी मी हौसेने पाच फूट केली. वारा सुटला, तट्ट्यांचे शीड झाले आणि होडी एका अंगावर गेली! आम्ही दोघे भिजलो, दुर्बीण तळाला गेली. तेव्हापासून प्रत्येक तट्टी सुरगाठीने बांधतो. दोर ओढला की ती पाण्यात पडावी. अंगात तरंगते जाकीट हवेच, आणि वाळलेल्या पाचटात विडी मुळीच नको.

होडी बदकांकडे न्यायची नाही. कोळ्यांची जाळी चुकवून, त्यांना विचारून, ती पाणकणसांच्या कडेला आठवडाभर बांधून ठेवायची. हे मामांचे चार दिवस! मग उजाडण्यापूर्वी जाऊन बसायचे, वारा पाठीशी ठेवून. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरते, म्हणजे ते समोरून आपल्याकडे येते. पांढरा सदरा घालू नये. उंच टोपी नको, हे आमच्या पिढीला अधिक सांगावे लागते.

एका होडीवाल्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, गिऱ्हाईक दोन तास गप बसत न्हाय. आन् दोन तासांत माझ्या तीन फेऱ्या हुत्यात." त्याचे म्हणणे खोटे नाही. त्याचे पोट त्यावर आहे. मी त्याला तीन फेऱ्यांचे पैसे दिले आणि सोबत बसवले. सूर्य वर आला तशी तलवार बदके आली, मग थापटे; एक तर इतके जवळ, की चोचीतून पाणी गाळल्याचा आवाज ऐकू आला. तो मुलखाचा बोलका गडी, जन्म पाण्यावर गेलेला, पण तासभर हलला नाही. परतताना म्हणाला, "तीन फेऱ्यांचे पैसे देणारे असले, तर मी एक तट्टीवाली होडी ठेवीन."

देणारे किती निघतील, ते मी आपल्यालाच विचारायला आलो आहे. तट्ट्या आमच्या ओसरीवर रचून ठेवल्या आहेत. हात लावून पाहायला जरूर या. सुतळी मात्र येताना आणा, आमची संपली आहे.