सिंदखेड राजा : बाजार जालन्याचा, दप्तर बुलढाण्याचे

सिंदखेड राजा हे बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेले तालुक्याचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सोळा हजारांच्या आसपास होती. जालना शहर येथून ३०-३५ किलोमीटरवर, तर जिल्ह्याचे ठिकाण बुलढाणा ८० किलोमीटरच्या पुढे. जवळचे शहर एका जिल्ह्यात आणि आपली कचेरी दुसऱ्या, अशी ही गत आहे. तिचे मूळ जुन्या सरहद्दीत सापडते.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. सिंदखेड इंग्रजी अमलाखाली गेले. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिले. १९५६ मध्ये दोन्ही मुलूख द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. सरहद्द पुसली गेली, कागदावरची रेघ मात्र शिल्लक आहे. सिंदखेडचा महसूल विभाग अमरावती, विद्यापीठ अमरावतीचे, हायकोर्टाचे खंडपीठ नागपूरचे. जालन्याचे हे सारे छत्रपती संभाजीनगरला. पेशंट हलवायचा तर जालन्याला, लग्नाचा बस्ता जालन्याचा, रेल्वेही जालन्यालाच. जिल्ह्याच्या कचेरीतले काम निघाले की तोंड बुलढाण्याकडे. बुलढाणा जिल्ह्याची शेगाव, मलकापूर ही स्थानके घाटाखाली, पार उत्तरेला आहेत. खामगाव-जालना रेल्वेमार्गाची मागणी इंग्रजी काळापासूनची आहे.

शहराची ओढ बाजारापुरती थांबत नाही, ती शेतात शिरते. जालना हे बियाणे कंपन्यांचे शहर; महिको तेथे १९६४ मध्ये सुरू झाली. देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या तालुक्यांत शेडनेटमधले भाजीपाला बीजोत्पादन वाढले, त्यात या शेजाराचा वाटा मोठा. टोमॅटो, मिरचीच्या मादी वाणाची उमलू घातलेली कळी चिमट्याने सोलून तिच्यातले पुंकेसर काढायचे, नंतर नर वाणाचा पराग तिच्या टोकाला लावायचा. हे काम एकेका फुलावर होते आणि ते बहुतेक बायकांच्या हातचे असते. कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू पट्ट्यात दहा-वीस गुंठ्यांवर संसार चालवण्याची ही वाट आहे. पण बियाण्याची उगवण आणि शुद्धता तपासणीत उतरली तरच पैसे हाती येतात. जोखीम शेतकऱ्याची, निकाल कंपनीचा.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. मुंबई-नागपूर हा ७०१ किलोमीटरचा रस्ता सिंदखेड राजा तालुक्यातून जातो. मात्र त्यावर इंटरचेंजवरूनच चढता-उतरता येते आणि दुचाकी, रिक्षांना तेथे मज्जाव आहे. ज्या गावात बहुतेक घरांचे वाहन मोटारसायकल, त्या गावाच्या रोजच्या येण्याजाण्याचा भार जालना-मेहकर या जुन्या रस्त्यावरच राहतो. नव्या रस्त्याचा परिणाम गावाला आधी जमिनीच्या भावात कळतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे पिंपळखुट्याजवळ खासगी बस पेटून पंचवीस प्रवासी दगावले, तेव्हा या रस्त्याची दुसरी बाजूही तालुक्याने पाहिली.

गाव वाढते आहे ते जुन्या सिंदखेडाला चिकटूनच. लखुजी जाधवांचा भुईकोट राजवाडा हे जिजाऊंचे जन्मस्थान. १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीसाठी येथे राज्यभरातून माणसे येतात आणि एका दिवसासाठी गावाचे रूप पालटते. नीलकंठेश्वराचे देऊळ, रंगमहाल, काळाकोट, शिल्पांनी मढलेली पुतळाबारव ही ठिकाणे त्या मानाने रिकामी असतात, आणि ते अन्यायाचे आहे. मोती तलावाची भिंत पाहिली तर कमानींची इमारतच वाटते. बांध घालतानाही देखणेपणाकडे काणाडोळा झालेला नाही.

लखुजींची १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली. सिंदखेडातील त्यांच्या समाधीच्या आवारात २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे जतनाचे काम चालू असताना दगडी मंदिराचे अवशेष निघाले आणि त्यापाठोपाठ सुमारे १.७ मीटर लांबीची शेषशायी विष्णूची मूर्ती. पायाखाली काय आहे, हे या गावात खोदल्याशिवाय कळत नाही.

जुन्या वस्तीतल्या रहिवाशाला या वारशाचा हिशेब वेगळा लागतो. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगी लागते. २०१० च्या कायदादुरुस्तीने हे पक्के झाले. १०० मीटरांच्या आतल्या जुन्या घराची दुरुस्ती करायची तरी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी हवी. साहजिकच वाटणीत खोल्या अपुऱ्या पडलेले कुटुंब मजला चढवण्याच्या खटपटीत न पडता गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला एनए प्लॉट बघते. तेथे पाण्याची लाइन, नाली आणि पक्का रस्ता नगरपालिकेने नव्याने न्यायचा असतो. स्मारकाच्या नियमामुळे होणारे हे स्थलांतर विकास आराखड्यात आधीच धरले, तर नव्या वस्तीला सोयींसाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागणार नाही, आणि जुन्या गल्ल्यांत राहणाऱ्यांसाठी दुरुस्तीची मंजुरी तालुक्यातच मिळण्याची सोय हवी.