वेगळेपण आपलं, सराव एआयबरोबर



दौंडची मुलं रेल्वेने पुण्याला शिकायला जातात.
शिरूरची मुलं एसटीने जातात.

वर्गात काहींना आपल्या गावाकडच्या बोलण्याचा संकोच वाटतो.
चार लोकांत तोंडच उघडत नाही.

मित्रांनो, वेगळं असणं हा कमीपणा नाही.

हा संकोच घालवायला मोबाइलवरची कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे एआय, कामी येते.
तिच्याशी मराठीतून बोलता येतं.
भारतीय भाषांसाठी केंद्र सरकारने 2022 मध्ये ‘भाषिणी’ हा उपक्रमही सुरू केला आहे.

समजा, रांजणगाव एमआयडीसीत तुमची मुलाखत आहे.
एआयला सांगा...
“तू साहेब हो. एकेक प्रश्न विचार. उत्तर मी देईन. माझं काय सुटलं, तेवढंच सांग.”

मग मोकळेपणाने बोला.
रात्री लाइट आल्यावर उसाला पाणी धरलं, ते सांगा.
मोटर का बंद पडते, हे शोधून काढलं, तेही सांगा.
हा कामाचा अनुभव आहे. तो लपवू नका.

आता थोडी काळजी.
एआयने लिहून दिलेलं उत्तर पाठ करू नका.
तसं उत्तर दहाजणांचं सारखंच येतं.
एआय कधी कधी चुकीची माहितीही ठामपणे देते.
शिक्षकांकडून खात्री करून घ्या.
आधार क्रमांक किंवा ओटीपी तिथे कधीच देऊ नका.

पुन्हा सांगते...
वेगळं असणं हा कमीपणा नाही.
सराव एआयबरोबर करा.
उत्तर मात्र स्वतःचं द्या.