यंत्राचे दात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले की आरोग्य, बालसंगोपन, नाही तर लोणची-मुरंबे असा विषय ठरलेला असतो. यंदा चिटणीसबाईंनी जुन्या ट्रॅक्टरवर आणि डिझेल इंजिनांवर बोलायला सांगितले आहे. मागच्या रांगेत हसू पिकले आहे ते मला दिसते. खुशाल हसा, पण एवढे आठवून पाहा. आपल्या शहापूर-मुरबाडकडे घरोघर हे जुने ट्रॅक्टर, पॉवर टिलर, पाण्याची इंजिने आली ती कशाच्या जोरावर? कुणाच्या पाटल्या गहाण पडल्या, कुणी बचतगटातून कर्ज उचलले. सही आपली, हप्ता आपला. आणि यंत्र पाहायला कोण गेले? घरधनी, त्यांचे दोन मित्र आणि एक दलाल. माझे म्हणणे इतकेच की पुढच्या वेळी तुम्हीही जा, आणि जाल तेव्हा काय पाहायचे ते आज ऐकून घ्या.

पौषात म्हशाच्या यात्रेत बैल घेताना आपली माणसे कशी पारख करतात! तोंड उघडून दात मोजतात. दोनदाती, चौदाती, सहादाती की जुळलेला, हे पाहिल्याशिवाय किमतीचा शब्द काढीत नाहीत. बैल चार पावले चालवून पाहतात, पाठीवर हात फिरवतात. तीच माणसे जुना ट्रॅक्टर घेताना नव्या रंगाला भुलतात. विकणारा रंग मारतो, टायरांना काळे लावतो, गादीवर नवे कव्हर घालतो. नवरी दाखवायला बसवावी तसा प्रकार असतो.

यंत्रालाही दात असतात. ट्रॅक्टर किती तास चालला हे दाखविणारा काटा असतो, पण तो बदलता येतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. त्यापेक्षा क्लच-ब्रेकच्या पायपट्ट्यांचे रबर पाहावे. काटा थोडेच तास दाखवतो आणि पायपट्टी मात्र गुळगुळीत, असे असेल तर कोणीतरी खोटे बोलते आहे, आणि ती पायपट्टी नव्हे. मागे ट्रॉली अडकवायचे भोक लांबट झाले आहे का, पी.टी.ओ.च्या दांड्याचे दाते झिजून धारदार झाले आहेत का, स्टिअरिंग किती रिकामे फिरते, पुढचे चाक धरून हलविले तर खडखडते का, हे पाहायला मिस्त्री लागत नाही. डोळे आणि हात पुरतात.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. हा ट्रॅक्टर चिखलणीचा की वीटभट्टीचा? भट्टीवर ओझी ओढलेल्या गाडीचे क्लच आणि ब्रेक आधी जातात. खाचरात चिखलणी केलेल्या गाडीचे इंजिन बरे असू शकते, पण चाकांच्या आसांची सीले गळतात आणि गाळ आत शिरतो. गिअरचे तेल थोडे काढून बोटांवर चोळून पाहावे. ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी आहे.

आता मुख्य परीक्षा. यंत्र पाहायला जाताना सकाळी लवकर जावे आणि पोहोचताच इंजिनावर हात ठेवावा. ते गरम लागले तर समजावे की आपण येण्याआधी त्यांनी चालू करून ठेवले होते. अशा वेळी सरळ म्हणावे, "थंड होऊ द्या, आम्ही बसतो." चहा घ्यावा, गप्पा माराव्यात, पण उठू नये. गरम इंजिन कसेही सुरू होते. त्याचा आजार दिसतो तो थंड असताना.

सुरू झाले की धूर पाहावा. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला धूर शिकवायला नको. काळा धूर म्हणजे जळण जास्त आणि हवा कमी. हवेची जाळी तुंबली असेल, नोझल बिघडले असेल. हा खर्च बहुधा आवाक्यातला असतो. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला घटकाभर येतो व जातो, त्याचे भय नाही. पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर हेडचे पॅकिंग जाऊन पाणी आत जात असावे. निळसर धूर मात्र इंजिन तेल जाळते आहे असे सांगतो. रिंगा, पिस्टन, बोअर, सगळे उघडावे लागणार. तो दिसला की तेवढा खर्च किमतीतून वजा करून बोलावे, नाही तर नमस्कार करून घरी यावे. तेलाची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. इंजिन चालू असताना तेल भरायचे झाकण उघडले आणि तेथून भकाभका वाफ आली तर रिंगा गेल्याच म्हणून समजा. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडाल तर उकळते पाणी तोंडावर येईल.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे विचाराल. माझे उत्तर रुक्ष आहे. ज्याचे सुटे भाग मुरबाडला, शहापूरला किंवा फार तर कल्याणला मिळतात आणि ज्याचे काम जाणणारा मिस्त्री आपल्या बाजारच्या गावी आहे, तो घ्यावा. महिंद्रांनी १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीबरोबर ट्रॅक्टरचा कारखाना काढला, आणि त्यातून आलेला बी-२७५ पुढे इतका पसरला की जुन्या मिस्त्र्यांना तो पाठ झाला. पंचहत्तर दुकाने पालथी घालून एखादा वॉशर मिळविण्यापेक्षा पाठ झालेले यंत्र बरे.

इंजिनांच्या बाबतीत किर्लोस्कर हे नाव तर घरचेच. ज्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक निघू लागले, तेथेच लोखंडी नांगर तयार होत. आणि १९४६ साली पुण्यास खडकीला याच घराण्याने तेलाच्या इंजिनांचा कारखाना सुरू केला. बायकांच्या वाचनाची आणि शेतकऱ्याच्या यंत्राची काळजी एकाच घरात वाहिली जात होती, हे मला फार आवडते. अशी जुनी इंजिने अजून विकायला येतात. ओतीव लोखंड जाड, भाग थोडे. नीट पाहून घेतले तर वर्षानुवर्षे भेंडीला पाणी देत राहील.

किमतीचे एक सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा स्वस्त झाला की जुना आपोआप उतरायला हवा, पण दलाल जुनाच भाव सांगत राहतो. तेव्हा आधी नव्याची आजची किंमत दुकानातून विचारून यावी. शिवाय २०१४-१५ पासून चाललेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात महिला शेतकऱ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत ५० टक्के अनुदान आहे. इतर शेतकऱ्यांत साधारण ४० टक्के. ते नव्या यंत्राला मिळते, जुन्याला नाही. आपल्या डोंगरउताराच्या लहान लहान खाचरांत मोठा ट्रॅक्टर वळताना बांध फोडतो. तेथे अनुदानातला नवा पॉवर टिलर जुन्या ट्रॅक्टरपेक्षा स्वस्त आणि सोयीचा पडेल का, हा हिशेब पाटीवर मांडून पाहावा.

पण येथेच गाडे अडते. अर्जाला सातबारा लागतो, आणि सातबाऱ्यावर आपले नाव कुठे असते? आवणी आपण करायची, कापणी आपण, झोडणी आपण, आणि कागदावर शेतकरी दुसराच. १९९२ साली शासनाने लक्ष्मीमुक्ती योजनेचा निर्णय काढला. त्याप्रमाणे नवरा राजीखुशीने बायकोचे नाव आपल्याबरोबर सातबाऱ्यावर लावून घेऊ शकतो. त्याचा अर्ज तलाठ्याकडे चालतो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे, पण काम तेच. राजीखुशी कशी मिळवायची हे ज्या त्या घरी ठरवावे. पाटल्या मागायला येतील तो दिवस बरा.

ट्रॅक्टरच्या कागदांत तर सारा जीव आहे. नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, हे प्रथम पाहावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चेसिस व इंजिनावरचे नंबर पुस्तकातल्या नंबरांशी एकेक आकडा जुळवून पाहावेत. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मांवर विकणाऱ्याची सही घेऊन ताबडतोब नाव बदलून घ्यावे. पॉवर टिलरला व इंजिनाला बहुधा असे पुस्तक नसते. तेथे मूळ खरेदीची पावती मागावी; चोरीचा माल असाच फिरतो.

हे विकतानाही लागू आहे, आणि विकताना अधिकच. "भाऊबंदातला व्यवहार, कागद मागाहून करू," असे म्हणून गाडी जाते आणि नाव आपलेच राहते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावर. त्या खटल्यातली गाडी एकामागून एक हात बदलत गेली होती, पण नाव पहिल्याचेच होते. घरधनी गेल्यावर तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर वारसाने नाव लावून घ्यायचे असते. दुःखात कोणाला सुचत नाही हे खरे, म्हणूनच आधी माहीत असलेले बरे.

यंत्र घरी आले की आपले राज्य. डिझेल इंजिनाला दोन गोष्टी सोसत नाहीत, घाण आणि पाणी. डिझेल नेहमी गाळून ओतावे. डबा एक रात्र निवळू द्यावा, तळचे चार बोटे टाकीत घालू नये. निवळ पाणी कसे काढावे हे आपल्याला कोणी सांगायला नको, हे तसेच. पावसाळ्यात काम संपल्यावर टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्री दव धरते. फिल्टरखालच्या वाटीतले पाणी दर आठवड्याला सोडावे. झोडणीच्या दिवसांत भुसा उडतो, तेव्हा हवेच्या जाळीकडे रोज पाहावे. इंजिनाचे तेल किती तासांनी बदलायचे हे पुस्तकात दिलेले असते. ते तास भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवावेत; दूधवाल्याचा हिशेब लिहितो तेथेच. काढलेले काळे तेल ओहोळात ओतू नये. भातसा, तानसा, वैतरणा आपल्याच तालुक्यात भरतात आणि मुंबईची तहान भागवतात. उन्हाळ्यात टँकरची वाट आपण पाहतो ती पाहतोच, निदान असलेले पाणी तरी नासवू नये. तेल डब्यात साठवून भंगारवाल्याला द्यावे.

आता जे मला सर्वांत निकडीने सांगायचे आहे ते. पी.टी.ओ.चा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे एका सेकंदात नऊ. पदराचे टोक त्यात सापडले तर तुमच्या तोंडून शब्द फुटायच्या आत लुगडे, केस, हात सारे गुंडाळले जाते. मळणीयंत्राचा आणि गिरणीचा पट्टाही तसाच. ह्या दांड्यावर व पट्ट्यावर कारखान्यातून झाकण आलेले असते. जुन्या यंत्रावर ते बहुधा नसते, कारण कोणीतरी "अडचण होते" म्हणून काढून टाकलेले असते. ते पत्र्याचे झाकण पुन्हा बसविल्याशिवाय आपण पेंढ्या टाकायला उभे राहायचे नाही. एकजुटीने नाही म्हणायचे. मजुरी बुडाली तरी चालेल. मळणीयंत्रे हात तोडतात म्हणून देशाला १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, तेव्हा ही काही बायकांची भित्री कल्पना नव्हे. पदर खोचून, वेणी बांधून, अंगावर सदरा चढवून कामाला उभे राहावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

हँडलने सुरू करायचे इंजिन असेल तर अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, दांडीभोवती वेढू नये. हँडल उलट मारले तर अंगठा मोडतो. नोझलमधून डिझेल येते का हे बोट लावून पाहू नये. ते सुईसारखे कातडीत शिरते. शिरले तर जखम लहान दिसली तरी तडक दवाखाना गाठावा. बंद खोलीत इंजिन चालवू नये, धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. पोरांना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवू नये. आणि ट्रॉलीत बसून लग्नाला जायची आपली जी हौस आहे, तिच्याबद्दल एवढेच सांगते की शेतीच्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतल्या वऱ्हाडाची जोखीम सहसा नसते.

माझा वेळ संपला आहे असे चिटणीसबाई खुणावीत आहेत. बाहेर अंगणात एक जुने पाण्याचे इंजिन आणून ठेवले आहे. सकाळपासून ते सुरू केलेले नाही. चहाच्या आधी प्रत्येकीने पुढे येऊन तेलाची पट्टी आपल्या हाताने काढून पाहावी. मग ते सुरू करू, आणि धूर कोणत्या रंगाचा निघतो ते तुम्हीच मला सांगा.