आमचे मास्तर
(शताब्दी समारंभातील भाषण)



शताब्दीच्या या मंगल प्रसंगी थोरामोठ्यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मला मात्र ज्यांचे तैलचित्र या भिंतीवर अद्याप लागलेले नाही, अशा एका शिक्षकाविषयी बोलायचे आहे. सारा गाव त्यांना ‘मास्तर’ म्हणत असे. मीही तेवढेच म्हणेन.

मास्तर दिवसा मराठी व्याकरण शिकवीत आणि सायंकाळी खो-खो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला हा सीमाभाग म्हैसूर राज्यात गेला. राज्य बदलले, मास्तरांचा दिनक्रम बदलला नाही. शाळेला क्रीडांगण नव्हते. गावाबाहेरच्या पडीक जमिनीतले दगड त्यांनी मुलांबरोबर स्वतः वेचले, दोन खांब रोवले आणि चुन्याने पाट्या आखल्या.

खो-खोत आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही, घेतलेली दिशा सोडून मागे वळता येत नाही. बसलेल्या गड्याला पाठीमागून स्पर्श करून ‘खो’ द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचे. स्पर्श आणि शब्द दोन्ही हवेत, यावर मास्तरांचा कटाक्ष असे. “नुसता शब्द दिलास, हात कुठे आहे?” असे ते विचारीत. हाच शेरा कधीकधी आमच्या निबंधाच्या वहीतही उमटे.

माझ्या शाळेच्या शेवटच्या वर्षी तालुक्याच्या अंतिम सामन्यात आमचा संघ एका गुणाने जिंकला. अखेरच्या मिनिटाला आमच्या एका गड्याच्या पाठीला प्रतिपक्षाचा हात निसटता लागला होता. पंचांना ते दिसले नाही. ढाल घेऊन आम्ही वाजतगाजत गावात आलो. रात्री मास्तरांनी त्या मुलाला घरी बोलावून विचारले. मुलाने मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मास्तर सायकलवरून गेले आणि ढाल आयोजकांच्या हवाली करून आले.

गाव संतापला. मुलाचे नाव सांगा, असा आग्रह झाला. मास्तर म्हणाले, “शिकवण्यात मी कमी पडलो. नाव लिहायचे तर माझे लिहा.” दोन वर्षे त्यांच्याकडून संघ काढून घेण्यात आला. त्या दोन वर्षांतल्या सायंकाळी त्यांनी येथे, खिडकीजवळच्या बाकावर, वाचनात घालविल्या.

१९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावे म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले आणि खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. ही हकीकत मास्तर आम्हाला पुनःपुन्हा सांगत. मास्तरांजवळ गहाण टाकायला घर नव्हते. होता तो लौकिक. तो त्यांनी एका मुलासाठी पणाला लावला.

तो मुलगा मी.

मास्तर हयात असताना हे चारचौघांत सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. निवृत्तीनंतर ते मला येथे अनेकदा भेटले. नव्या पुस्तकांविषयी बोलले, माझ्या मुलांची चौकशी केली. ढालीचा विषय त्यांनी कधीही काढला नाही. मीही काढला नाही.

मास्तरांचे तैलचित्र येथे लावावे, अशी सूचना काही सभासदांनी केली आहे. तिला माझा मनःपूर्वक पाठिंबा आहे. चित्राखाली त्या ढालीची हकीकत लिहावी आणि तीत माझे नाव घालावे, एवढीच माझी विनंती.