मेजावरचा संगणक आणि मांडीवरचा संगणक
(महोत्सवी वर्षातील सभेत दिलेले भाषण)



या महोत्सवी वर्षात विद्यार्थी-साहाय्य निधीतून संगणक द्यावेत, असा विचार चालू आहे. डेस्कटॉप द्यावेत की लॅपटॉप, आणि ते पारखावेत कसे, याविषयी चार शब्द सांगण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. विषय तांत्रिक खरा. परंतु पैसा देणगीदारांचा आणि शिक्षणाची वर्षे विद्यार्थ्याची, म्हणून तो सर्वांनीच समजून घेणे बरे.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील सारा हिशेब करणारी चिप. दुकानात तिची ओळख तीन गोष्टींवरून करून देतात : नाव, कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झमधील वेग. कोअर म्हणजे चिपमधील एकेक कामकरी, आणि गिगाहर्ट्झ म्हणजे त्याचा हात किती झपाट्याने चालू शकतो याचे माप.

आता इंटेल कंपनीने २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलेले दोन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहू. पहिला कोअर आय-५ १३४००, हा डेस्कटॉपचा. दुसरा कोअर आय-७ १३५५यू, हा लॅपटॉपचा. कोअर दोहोंत १०-१०. कमाल वेग पहिल्याचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ५. म्हणजे नाव दुसऱ्याचे मोठे, वेग दुसऱ्याचा अधिक, आणि कोअर समान. कोणीही सूज्ञ गृहस्थ म्हणेल की, लॅपटॉपचाच सरस. पण सर्व कोअर जुंपून अर्धा तास काम घ्यावे, तर डेस्कटॉपचा प्रोसेसर स्पष्टपणे पुढे निघून जातो. असे का व्हावे?

पहिले कारण असे की, सगळे कोअर सारखे नसतात. डेस्कटॉपच्या दहांत ६ मोठे व ४ लहान. लॅपटॉपच्या दहांत मोठे दोनच आणि लहान ८. लहान कोअर वीज वाचवतो, पण कामही कमी उरकतो. माणसे मोजली तर दोन्हीकडे दहा. पण अवजड गाडा ओढायची वेळ आली की फरक दिसतो.

दुसरे कारण विजेचे. डेस्कटॉपच्या त्या प्रोसेसरची मूळ मर्यादा ६५ वॅट, आणि थोडा वेळ तो १४८ वॅटपर्यंत जाऊ शकतो. लॅपटॉपच्या प्रोसेसरचे हेच आकडे १५ आणि ५५. घेतलेल्या विजेची अखेर उष्णताच होते, आणि ती बाहेर काढावी लागते. डेस्कटॉपच्या पेटीत धातूच्या पट्ट्यांचा मोठा जुडगा आणि रुंद पंखा बसतो. लॅपटॉपमध्ये जागा बोटभर जाडीची. तापमान मर्यादेला पोचले की प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी आपण होऊन वेग उतरवतो. तेव्हा ५ गिगाहर्ट्झ हा धावपटूच्या शंभर यार्डांचा वेग झाला. दिवसभराच्या मजलेचा नव्हे.

मात्र येथे लॅपटॉपवर अन्याय होता कामा नये. वेग वाढवायचा तर विजेचा दाबही वाढवावा लागतो, आणि खर्च दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात चढतो. म्हणून शेवटचा थोडासा वेग सर्वांत महाग पडतो. उलट, वीज चौथाई केली तरी काम चौथाईवर येत नाही. पुष्कळच अधिक उरते. पत्र लिहिणे, हिशेब मांडणे, वाचणे, प्रोग्रॅम लिहायला शिकणे ही कामे बहुधा एकदोन कोअरवर आणि क्षणाक्षणाच्या धावेने होतात. त्यांत वरील दोन प्रोसेसर जवळजवळ बरोबरीला येतात.

थंड ठेवण्याच्या सोयीचा महिमा पाहायचा तर ॲपल कंपनीचे उदाहरण घ्यावे. तिने नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ ही एकच चिप मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनी या तीन यंत्रांत घातली. एअरमध्ये पंखा नव्हता, उरलेल्या दोहोंत होता. छोट्या कामात तिघांत फरक कळेना. पण काम लांबले की एअर मंदावू लागे. चिप तीच, भेद तिच्याभोवतीच्या पेटीचा.

आपल्या ग्वाल्हेरीस तर हे अधिकच ध्यानात ठेवले पाहिजे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि पंखा खोलीतील हवेनेच चिप थंड करतो. हवाच तापलेली असेल तर त्याने करावे काय? त्यातून लॅपटॉप गादीवर ठेवला की खालची हवेची वाटही बुजते.

मग पारख कशी करावी? एका कोअरचा आकडा आणि सर्व कोअरचा आकडा वेगवेगळा विचारावा. चाचणी निदान १० मिनिटे चाललेली असावी. सिनेबेंच आर-२३ या चाचणीत तशी सोय आहे. आकडा नुसत्या प्रोसेसरचा न घेता नेमक्या त्या लॅपटॉपचा घ्यावा. कारण एकाच प्रोसेसरला एक कारखानदार अधिक वीज देतो, दुसरा कमी. चाचणी चार्जर लावून झाली की बॅटरीवर, हेही विचारावे.

आमची सूचना एवढीच आहे. वसतिगृहात राहणारा, खोल्या बदलणारा, वीज गेली तरी अभ्यास थांबवू न शकणारा विद्यार्थी असेल, त्याला लॅपटॉपच द्यावा. बॅटरी त्याच्या अंगचीच असते. परंतु इमारतींची त्रिमिती चित्रे, चित्रफितींचे संपादन, लांबलचक गणिते अशी कामे करणाऱ्यांसाठी न्यासाच्या अभ्यासिकेत चांगले डेस्कटॉप ठेवावेत. त्यांची मेमरी व डिस्क पुढे वाढवता येते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डावर कायमची जोडलेली असते. एक यंत्र अनेकांच्या उपयोगी पडते, हाही लाभच.

थोडक्यात, नावाचा अंक पाहून यंत्र निवडू नये. काम कोणते, किती वेळ चालणारे आणि कोठे बसून करायचे, हे आधी विद्यार्थ्याला विचारावे. देणगी देताना आपण पात्रता पाहतो. वस्तू देतानाही तीच दृष्टी ठेवली, तर निधीचा रुपया पुरता कामी येईल.