पांढरींतलें घर



आमच्या वऱ्हाडांत शेत काळींत आणि घर पांढरींत, अशी जुनी वांटणी आहे. ती केवळ रंगाची नव्हे. कपाशीची काळी माती पावसाळ्यांत पाणी पिऊन फुगते आणि वैशाखांत सुकली कीं तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायाची भिंत उभारली तर तीही मातीबरोबर हालूं लागते आणि खिडकीच्या कोंपऱ्यापासून तिरपी फाटते. पाया मुरुमापर्यंत गेलेला असला तरच घर टिकावयाचें. म्हणून खेड्यांत घर घेऊं इच्छिणाऱ्या गृहस्थानें तें एकदां वैशाखांत पाहावें आणि एकदां आषाढांत. विकणारा बहुधा दिवाळीच्या सुमारास, भिंतींना रंग दिल्यावर बोलावतो, आणि त्या वेळीं सर्वच घरें चांगलीं दिसतात!

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं गुरुकुंज मोझरीस घर घ्यावयाचें ठरविलें. पुण्यास असलेल्या माझ्या मुलाला तें रुचलें नाहीं. "बाबा, तेथें आहे काय?" असें त्यानें विचारलें. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनीं १९३५ सालीं येथें आश्रम स्थापिला. १९६८ सालीं महाराज निवर्तले, त्यांची समाधि येथेंच आहे. तिन्हीसांजेस सामुदायिक प्रार्थना होते, तिला मोठा व लहान एका रांगेंत बसतो. मला एवढें पुरेसें होतें. मात्र केवळ शांततेच्या लोभानें कोणीं येऊं नये. नागपूर-अमरावती हमरस्त्यावरून मालमोटारी रात्रभर धांवतात, आणि आश्विन वद्यांत पुण्यतिथीच्या सोहळ्यास दूरदूरचे भाविक लोटतात. त्या दिवसांत गांवांत पाय ठेवावयास जागा नसते.

घर मिळालें. ओसरी, माजघर, मागें परस, डोक्यावर कवेलू. विकणारे तिघे भाऊ. मुहूर्त चांगला म्हणून मीं त्याच दिवशीं इसार देऊन टाकला. मुलांना चाळीस वर्षें "आधीं वाचा, मग लिहा" असें शिकविणाऱ्या माणसानें हें करावें! हॉलंड देशांत घर घेणाऱ्यास कराराची प्रत हातीं आल्यावर तीन दिवसांची मुदत असते. तेवढ्यांत कारण न सांगतां माघार घेतां येते, आणि पुढील हस्तांतर नोटरीसमोर होतें. आमच्याकडे इसार दिला कीं विचार करावयाचें काम संपलें, असें आपण समजतों.

ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्यें थोरल्या भावाचें नांव होतें. पुष्कळांना तोच मालकीचा पुरावा वाटतो. वास्तविक घरपट्टी कोणाकडून घ्यावयाची, एवढेंच तो सांगतो. भूमि अभिलेख खात्याची आखीव पत्रिका अधिक भरंवशाची. २०२० पासून स्वामित्व योजनेंत गांवठाणांची मोजणी ड्रोनच्या साहाय्यानें होऊं लागली आहे, हें उत्तमच झालें. तथापि पत्रिकेवर एकाचें नांव चढलें म्हणून इतर वारसांचा हिस्सा बुडत नाहीं.

हें मला सुचलें नाहीं, माझ्या पत्नीला सुचलें. तिनें विचारलें, "या तिघांना बहीण नाहीं का?"

बहीण होती. घर वडिलांच्या स्वकष्टाचें. वडील मृत्युपत्र न करतां वारले, आई त्यांच्या आधींच गेलेली. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याप्रमाणें अशा मिळकतींत मुलीचा वांटा मुलाएवढाच. पूर्वी त्यांत एक कलम असें होतें कीं, भाऊ वांटणी करीत नाहींत तोंवर बहिणीला राहत्या घराची वांटणी मागतां येत नसे. २००५ सालीं तेंही रद्द झालें. भावांचें म्हणणें, तिच्या लग्नांत सर्व दिलें. एका हितचिंतकानें तर सांगितलें, "तिघांच्या सह्या घ्या आणि मोकळे व्हा, ती कोर्टांत जाणारी बाई नव्हे." हें खरेंही असेल. पण कोर्टांत न जाणाऱ्या माणसाचा हिस्सा घेणें मला अधिकच जड वाटलें.

शेजारच्या तालुक्यांत तिच्या घरीं गेलों. चहा देऊन ती म्हणाली, "गुरुजी, सही मी देतो. पन भावानं माह्या दारात येऊन मागाव. तुमी कायले आले?"

यावर मजजवळ उत्तर नव्हतें. भाऊ रागावले. चार महिने काम अडलें. निवृत्तीच्या पैशांतून दिलेला इसार बुडाला असें मुलाचें स्पष्ट मत होतें, आणि खरें सांगावयाचें तर रात्रीं अंथरुणावर माझेंही तेंच होतें. अखेर माघ महिन्यांत थोरला भाऊ बहिणीकडे गेला. दोघांचें काय बोलणें झालें तें मला ठाऊक नाहीं. निबंधकाच्या कचेरींत चौघे आले, चार सह्या झाल्या आणि रकमेचे चार सारखे धनादेश मीं लिहिले.

परततांना ती घरीं आली. माजघरांत थोडा वेळ उभी राहिली. मग परसांत जाऊन म्हणाली, "हा गोडनिंब मायनं लावला होता." त्याच्या मुळांशीं दोन रोपें फुटलीं होतीं. त्यांतील एक मीं तिच्यासाठीं कुंडींत काढून ठेविलें आहे. पावसाळा लागला कीं पोंचवावयाचें आहे.